निलगिरीचे थेंब आणि चिपाडाची गंजी: फुप्फुसांच्या फायब्रोसिसचं एक प्रकरण

वाळवा तालुक्यातल्या एका गुऱ्हाळमालकाचं हे प्रकरण. त्यांना इथे तात्या म्हणू. लिहायला घरच्यांची संमती आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. सुगंधी तेलांनी फुप्फुसांचा फायब्रोसिस, म्हणजे फुप्फुसांत वण पडत जाण्याचा आजार, बरा होतो का, हा प्रश्न छातीरोगाच्या बाह्यरुग्ण विभागात हल्ली वरचेवर येतो. विचारणारा बहुधा रुग्णाचा शिकलेला मुलगा किंवा मुलगी असते आणि हातात मोबाइलवर उघडलेला शोधनिबंध असतो. त्यांना झटकून टाकणं मला कधीच पटलं नाही. तात्यांच्या बाबतीत या प्रश्नाचा नीट पाठपुरावा केला म्हणून दोन वेगळ्याच गोष्टी उजेडात आल्या.

पार्श्वभूमी

तात्या एकोणसाठ वर्षांचे. विडी-सिगारेट कधी ओढली नाही. घरचं गुऱ्हाळ वडिलांपासूनचं. दसरा-दिवाळीनंतर चरक सुरू झाला की उन्हाळ्यापर्यंत मुक्काम तिथेच. चार वर्षांपासून कोरडा खोकला, चढ चढताना दम. आधी दमा म्हणून पंप दिला गेला. मग थुंकीत काही न सापडताही क्षयाच्या गोळ्यांचा सहा महिन्यांचा कोर्स झाला. दोन्हींचा उपयोग झाला नाही. आमच्याकडे आले तेव्हा नखं फुगीर झाली होती. पाठीला स्टेथोस्कोप लावला की दोन्ही बाजूंना खालच्या भागात व्हेल्क्रोची पट्टी उघडावी तसा आवाज येत होता. फुंकून मोजलेली फुप्फुसांची क्षमता, म्हणजे एफव्हीसी, अपेक्षेच्या ६१ टक्के होती. सहा मिनिटं चालवल्यावर रक्तातला ऑक्सिजन ९५ वरून ८७ वर आला.

त्यांचं एक वाक्य मी केसपेपरवर जसंच्या तसं उतरवून घेतलं होतं. "डॉक्टर, वारीत एवढं चालतोय तवा दम लागत न्हाई बघा, आन् घरी आलो की लागतोय. पांडुरंगाची कृपा, दुसरं काय." वारी आषाढातली. गुऱ्हाळ तेव्हा बंद असतं आणि माणूस तीन आठवडे घराबाहेर असतो.

तात्यांची श्रद्धा खरी आहे आणि त्यांचं निरीक्षणही अगदी बरोबर होतं. घर आणि काम सोडलं की बरं वाटतं, परतलं की पुन्हा त्रास, ही खूण छातीरोगात फार मोलाची असते. पुढे विचारत गेलो तसं कळलं की हंगामाच्या सुरुवातीला, पावसाळ्यात भिजलेली चिपाडाची जुनी गंजी फोडली की त्या दिवशी संध्याकाळी अंगात कसकस, थंडी वाजून ताप आणि छाती भरून येणं ठरलेलं. दोन दिवसांत उतरायचं. घरात त्याला 'हंगामाचा ताप' असंच म्हणायचे.

पहिला निर्णय: आजाराला नाव कोणतं द्यायचं

सीटी स्कॅनमध्ये वण होते, पण नुसते वण नव्हते. काही भाग काचेवर वाफ धरल्यासारखा पांढुरका, काही नेहमीसारखा, काही हवा अडकून काळा. हे तिन्ही शेजारी शेजारी दिसणं हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस या आजाराकडे बोट दाखवतं. श्वासातून वारंवार आत जाणाऱ्या सेंद्रिय धुळीवर फुप्फुसं भडकत राहतात आणि वर्षानुवर्षं तसंच चाललं तर तिथे कायमचे वण पडतात. दुर्बिणीतून फुप्फुस धुऊन काढलेल्या पाण्यात लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी ३८ टक्के, म्हणजे नेहमीपेक्षा बऱ्याच जास्त निघाल्या. क्ष-किरणतज्ज्ञांसोबत बसून आम्ही निदान पक्कं केलं: चिपाडाच्या धुळीमुळे झालेला, वण पडण्याच्या टप्प्यावर पोहोचलेला हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस. चिपाडामुळे होणाऱ्या या प्रकाराला बगॅसोसिस म्हणतात.

ताजं चिपाड सहसा गुन्हेगार नसतं. ओलं चिपाड रचून ठेवलं की गंजी आतून तापते, आणि त्या उबेत थर्मोअॅक्टिनोमायसिस जातीचे सूक्ष्मजीव वाढतात. गंजी मोडली की त्यांचे बीजाणू धुळीबरोबर उडतात आणि थेट वायुकोशांपर्यंत जातात.

नाव बरोबर देण्यावर पुढचं सगळं अवलंबून होतं. कारण न सापडणारा फायब्रोसिस, ज्याला आयपीएफ म्हणतात, तो असता तर स्टेरॉइडला जागा नव्हती. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या पँथर चाचणीत आयपीएफच्या रुग्णांना प्रेडनिसोन हे स्टेरॉइड, अॅझाथायोप्रिन आणि एन-अॅसिटिलसिस्टीन असं एकत्र दिलं होतं. तिन्ही औषधं त्या काळी सर्रास वापरात होती, तर्कही चोख होता. तरी औषध घेणाऱ्या गटात मृत्यू आणि रुग्णालयात दाखल होण्याचं प्रमाण जास्त दिसलं आणि चाचणीचा तो भाग मध्येच थांबवावा लागला. तात्यांच्या आजारात मात्र जळजळ हा मोठा भाग असल्याने स्टेरॉइडचा काही काळ उपयोग अपेक्षित होता. आणि सगळ्यांत आधी करायचं काम होतं धुळीपासून दूर जाणं.

आपल्याकडे हे कारण दुर्मिळ नाही. भारतातल्या २७ केंद्रांमधल्या १,०८४ रुग्णांची नोंदवही २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात फुप्फुसांच्या अशा आजारांमध्ये सर्वाधिक, ४७ टक्क्यांच्या आसपास, हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिसच होता आणि त्यातल्या जवळजवळ निम्म्या रुग्णांच्या घरी कूलर होता. म्हणून आम्ही कूलर, कबुतरं, कोंबड्या, घरातली ओल, सगळं विचारतो. तात्यांकडे यातलं काहीच नव्हतं, फक्त चिपाड होतं.

अडचण

तात्यांनी चुलवाणापाशी बसणं सोडलं. स्टेरॉइड सुरू झाली, ताप थांबला. तरी पुढच्या सहा महिन्यांत एफव्हीसी ५४ टक्क्यांवर घसरली. म्हणजे वण वाढतच होते. मग निन्टेडॅनिब सुरू केलं. आयपीएफखेरीज इतर वाढत्या फायब्रोसिसवर या औषधाची इनबिल्ड चाचणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. ६६३ रुग्ण, त्यातल्या सुमारे पाव रुग्णांना तात्यांचाच आजार. ५२ आठवड्यांत एफव्हीसीची घट औषध घेणाऱ्यांत सरासरी ८१ मिलिलिटर होती, नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्यांत १८८. औषध वण पुसत नाही, वाढीचा वेग कमी करतं. हे मी तात्यांना आणि मुलाला स्पष्ट सांगितलं होतं.

तीन-साडेतीन महिन्यांनी ते परत आले ते खोकला वाढून. रक्ततपासणीत यकृताची एन्झाइम्स दुप्पट. निन्टेडॅनिबने असं होऊ शकतं, म्हणून आधी संशय त्यावरच गेला. सिस्टरनी सहज औषधांची बिलं मागितली तर शेवटचं बिल दीड महिन्यापूर्वीचं. औषध बंद होतं. तात्यांनी मान खाली घातली. काकूंनी पिशवीतून चार तपकिरी बाटल्या काढून टेबलावर ठेवल्या: निलगिरी, लवंग, ओवा आणि हळदीचं तेल.

निन्टेडॅनिबने दिवसाला पाच-सहा वेळा जुलाब व्हायचे. महिन्याचा खर्च हजारांत. मुलगा पुण्यात इंजिनिअर. त्याने सुगंधी तेलांनी उंदरांच्या फुप्फुसातले वण कमी झाल्याचे निबंध वाचले आणि वडिलांसाठी बेत आखला. सकाळ-संध्याकाळ वाफ. रात्री खोलीत डिफ्यूझर, म्हणजे तेलाचा वास हवेत पसरवणारं यंत्र, खिडकी लावून. झोपताना तिळाच्या तेलात निलगिरी मिसळून दोन थेंब नाकात. शिवाय रोज दोनदा गुळाच्या खड्यावर लवंग-ओव्याचे तीन-तीन थेंब पोटात. रात्री ऑक्सिजनचं कॉन्सन्ट्रेटर चालू असायचं ते वेगळंच.

मुलाचा राग येण्यासारखं यात काही नव्हतं. त्याने वाचलेले निबंध खरे होते. वडिलांसाठी त्याने रात्री जागवल्या होत्या.

तेलांबद्दल प्रयोगशाळा काय सांगते

हा भाग मी मुलासोबत कागद-पेन घेऊन केला. इंजिनिअरला आकड्यांची भाषा लवकर पटते.

या प्रयोगांत बहुधा उंदराच्या श्वासनलिकेत ब्लिओमायसिन हे कर्करोगावरचं औषध एकदा सोडतात. पहिल्या आठवड्यात फुप्फुसांत जळजळ होते, दोन ते तीन आठवड्यांत वण तयार होतात. मग तेल किंवा त्यातला घटक देऊन पाहतात: निलगिरीतलं सिनिओल, ओव्यातलं थायमॉल, लवंगेतलं युजेनॉल, कलौंजीतलं थायमोक्विनोन, संत्र्याच्या जातीतल्या फळांच्या सालीचं तेल. यांतल्या बऱ्याच घटकांनी ऑक्सिडेशनची इजा कमी केली, टीजीएफ-बीटा या वण पाडणाऱ्या संदेशाची साखळी मंदावली, वण ज्याचा बनतो ते कोलॅजन कमी साचलं. ही निरीक्षणं टाकाऊ नाहीत. उद्याचं औषध यातल्या एखाद्या रेणूपासून निघू शकतं आणि तसं झालं तर मला मनापासून आनंद होईल.

पण ब्लिओमायसिनचा घाव एकदाच बसतो आणि कोवळ्या उंदरात तो पुढे बराचसा आपोआप भरून येतो. तात्यांच्या फुप्फुसांना वर्षानुवर्षं रोज घाव बसले होते. दुसरं म्हणजे अनेक प्रयोगांत तेल घावाच्या आधी किंवा त्याच दिवसापासून दिलेलं असतं. त्यातून जळजळ अडवता येते का हे कळतं. पडलेला वण मागे फिरतो का, हे त्यातून कळत नाही.

तिसरा मुद्दा मात्रेचा, आणि आमची खरी चर्चा त्यावरच झाली. समजा पांढऱ्या रॅटला वजनाच्या किलोमागे १०० मिलिग्रॅम तेल दिलं. माणसाची समतुल्य मात्रा काढायला शरीराच्या पृष्ठफळाच्या हिशेबाने ६.२ ने भागतात. येतात किलोमागे १६ मिलिग्रॅम, साठ किलोच्या तात्यांसाठी दिवसाला जवळजवळ एक ग्रॅम. मिलिलिटरला साधारण वीस थेंब धरले तर रोज वीस थेंबांहून जास्त, तेही महिनोन्महिने. निलगिरीचं तेल चमचाभर पोटात गेल्याने आकडी आणि गुंगी आल्याच्या नोंदी आहेत. लवंग तेल जास्त झालं तर यकृताला इजा करतं. मुलाने हिशेब दोनदा तपासला आणि म्हणाला, "म्हणजे मी देत होतो ते औषधाला कमी आणि यकृताला जास्त." मी एवढंच म्हणालो की बहुधा तसंच आहे.

माणसांवर या तेलांचा अभ्यास झालाच नाही असं नाही. शुद्ध सिनिओलच्या कॅप्सूल जर्मनीत श्वासनलिकांच्या आजारात वापरतात, आणि सीओपीडी या श्वासनलिका अरुंद करणाऱ्या जुनाट आजाराच्या रुग्णांवर रोज ६०० मिलिग्रॅम देऊन केलेल्या तिथल्या चाचणीत आजार उचल खाण्याचं प्रमाण कमी दिसलं. पण सीओपीडी मुख्यतः नळ्यांचा आजार. तात्यांचा आजार वायुकोशांच्या भिंतींचा. फायब्रोसिसवरचं औषध म्हणून एकाही सुगंधी तेलाला मान्यता मिळालेली नाही.

"पण मला वाफ घेतली की मोकळं वाटतंय," तात्या म्हणाले. ते खोटं नव्हतं, म्हणून तिथेच पाहिलं. चालण्याची तपासणी वाफेशिवाय केली, विश्रांतीनंतर निलगिरीची वाफ घेऊन पुन्हा केली. दुसऱ्या वेळी तात्यांनी दम कमी लागल्याचं सांगितलं. ऑक्सिमीटरवर ऑक्सिजन दोन्ही वेळा ८५ पर्यंत उतरला, अंतरही जवळपास तेवढंच. आपल्या नाकात गारवा ओळखणारे चेतातंतू असतात. मेन्थॉल, सिनिओल असे घटक त्यांना चेतवतात आणि हवा जास्त आत येतेय असं वाटतं. मुलगा तो आकडा बघत बराच वेळ काही बोलला नाही. तात्यांनी मात्र विचारलं, "मंजे वास घ्यायला हरकत न्हाई न्हवं?"

समोर असलेले पर्याय

सगळी तेलं बंद करायला लावणं सर्वांत सोपं होतं. पण तसं केल्यावर रुग्ण तेल बंद करत नाहीत, डॉक्टरला सांगणं बंद करतात. तात्यांनी निन्टेडॅनिब बंद केल्याचंही असंच लपवलं होतं.

औषधासोबत तेलंही चालू ठेवू द्यावीत, असा मुलाचा आग्रह होता. त्याला मी ठाम नकार दिला. निन्टेडॅनिब घेताना यकृताची एन्झाइम्स वरचेवर तपासावी लागतात. ती वाढली तर गोळीमुळे की लवंगेमुळे, हे सांगता येणार नाही आणि संशयापायी उपयोगाचंच औषध थांबवावं लागेल.

तिसरा मार्ग होता प्रत्येक तेलाचं नाव न बघता ते शरीरात कोणत्या वाटेने जातंय ते बघण्याचा. पोटात, नाकात, खोलीच्या हवेत, की नुसता वास. धोका वाटेवर ठरतो. हा मार्ग आम्ही घेतला.

काय केलं

पोटातले थेंब त्याच दिवशी बंद. नाकातलं तेलही बंद, दोन कारणांसाठी. तिळाच्या तेलाचे थेंब झोपेत श्वासनलिकेत झिरपले तर लिपॉइड न्यूमोनिया, म्हणजे फुप्फुसात तेल साचून होणारा न्यूमोनिया, होऊ शकतो, आणि ऑक्सिजनची नळी नाकात असताना तिथे तेल लावणं म्हणजे आगीला आमंत्रण. नाक कोरडं पडत होतं, त्यावर पाण्यात विरघळणारी जेली दिली. देव्हाऱ्यातली समई आणि कॉन्सन्ट्रेटर एकाच खोलीत होते, तेही वेगळे केले. डिफ्यूझर बंद केला, कारण तेलांतले टर्पीन हे वासाचे घटक हवेतल्या ओझोनशी मिसळून फॉर्माल्डिहाइड आणि अतिसूक्ष्म कण तयार करतात. आधीच दुखावलेल्या फुप्फुसांना बंद खोलीत रात्रभर तो मारा कशाला?

वास मात्र ठेवला. काकू पूर्वी सर्दीला ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून द्यायच्या. ती चालू राहिली.

चार आठवड्यांनी एन्झाइम्स पूर्ववत झाली. निन्टेडॅनिब तर आधीच बंद होतं, त्यामुळे रोख पोटातल्या थेंबांकडेच जातो. मग निन्टेडॅनिब १५० ऐवजी १०० मिलिग्रॅमच्या मात्रेत, दिवसातून दोनदा, भाकरीसोबत सुरू केलं. जुलाबांसाठी लोपेरामाइड कधी आणि किती घ्यायचं हे कागदावर लिहून दिलं. जुलाब दिवसाला एक-दोन वेळांवर आले. फ्लू आणि न्यूमोकोकसच्या लसी दिल्या, श्वसनाचे व्यायाम सुरू केले.

एक प्रश्न तरी उरलाच होता: चुलवाणापासून दूर राहूनही सुरुवातीचे सहा महिने वण का वाढले? मुलाला घराचा नकाशा काढायला सांगितला. त्याने गुगल मॅपवरचं चित्रच दाखवलं. चिपाडाची गंजी तात्यांच्या झोपायच्या खोलीच्या खिडकीमागे होती, मध्ये फक्त गोठ्याची भिंत. तात्यांनी काम सोडलं होतं, पण धूळ रोज खिडकीतून येत होती.

यावर घरात बरीच ओढाताण झाली. गुऱ्हाळ बंद करणं तात्यांना मान्य नव्हतं. बारा माणसांचं पोट त्यावर आहे आणि गुळाला बांधलेली गिऱ्हाइकं आहेत. भाडेपट्ट्याने देण्यावर भावाने हरकत घेतली. एन-९५ मास्क लावून काम करण्याचा प्रस्ताव आला, तो मी मानला नाही. वण पडलेल्या रुग्णाला मास्कच्या भरवशावर धुळीत पाठवू नये असं माझं स्पष्ट मत आहे. शेवटी गुऱ्हाळ भावाने चालवायचं ठरलं. गंजी शेताच्या पलीकडच्या टोकाला, वाऱ्याची दिशा पाहून हलवली. जुनं भिजलेलं चिपाड तात्या मुलाकडे गेलेले असताना काढून टाकलं. तात्या आता गुळाच्या सौद्यांपुरते सांगलीच्या बाजारात जातात.

परिणाम

वर्षभराने एफव्हीसी ५३ टक्के आहे, म्हणजे जवळपास तिथेच. चालताना ऑक्सिजन अजून ८६ पर्यंत उतरतो, म्हणून लांबच्या चालीला छोटा सिलिंडर लागतो. स्टेरॉइडची मात्रा अगदी कमी आहे. हंगामाचा ताप या वर्षी आला नाही. पडलेले वण तसेच आहेत आणि ते जाणार नाहीत, हे तात्यांना माहीत आहे. यातला किती वाटा गंजी हलवण्याचा आणि किती गोळीचा, हे एका रुग्णावरून वेगळं काढता येत नाही. माझा कौल गंजीकडे झुकतो.

मुलगा अजून निबंध पाठवतो. आता तो आधी दोन गोष्टी शोधून ठेवतो: तेल घावानंतर कितव्या दिवशी सुरू केलं आणि मात्रा किती होती.

काय वेगळं करता आलं असतं

सर्वांत महागात पडली ती पहिली चार वर्षं. पंप आणि क्षयाच्या गोळ्या देणाऱ्या कुणीही काम काय करता, ताप कधी येतो, गाव सोडल्यावर कसं वाटतं हे विचारल्याची नोंद जुन्या कागदांत नाही. वारीचं वाक्य तात्या तेव्हाही सांगत असणार. ऊसपट्ट्यात कोरडा खोकला आणि दम घेऊन आलेल्या माणसाला चिपाड, गुऱ्हाळ, साखर कारखान्याचं बगॅस (तिथलं चिपाड) यांबद्दल विचारणं पहिल्याच भेटीत व्हायला हवं, आणि क्षयाचा पुरावा नसताना सहा महिने गोळ्या देण्याआधी सीटी स्कॅन.

काम सोडायला सांगताना घर कुठे आहे, खिडकी कोणत्या बाजूला आहे, वारा कुठून येतो हेही त्याच वेळी बघितलं पाहिजे. आमच्या विभागात आता घराचं मोबाइलवरचं चित्र पहिल्याच महिन्यात मागवतो. घरगुती उपायांचा प्रश्नही बदलला आहे. "दुसरं काही घेता का?" याला उत्तर नेहमी "नाही" येतं. त्याऐवजी सिस्टर विचारतात, "वाफेत काय घालता? नाकात काय सोडता? गुळावर, मधात काही थेंब?" लोक मग मोकळेपणाने सांगतात, बाटल्याही आणून दाखवतात. जुलाबांसारखा त्रास ठरलेला असेल तर त्यावरची गोळी पहिल्या दिवशीच सोबत द्यावी आणि दोन आठवड्यांनी फोन करावा. औषधं बहुधा पहिल्या दोन महिन्यांतच सुटतात.

गुऱ्हाळांसाठीही सांगण्यासारखं आहे. चिपाड उन्हात पुरतं वाळवूनच रचावं, पावसाळ्यात झाकावं, गंजी राहत्या घरापासून आणि मजुरांच्या खोपटांपासून लांब ठेवावी. जिथे बगॅस मोठ्या प्रमाणात साठवतात तिथे २ टक्के प्रोपिओनिक आम्ल फवारून सूक्ष्मजीवांची वाढ रोखतात. जुनी गंजी फोडायचीच असेल तर आधी पाणी मारून, वाऱ्याकडे पाठ करून, मास्क लावून. आणि त्या संध्याकाळी कुणाला थंडी वाजून ताप आला, तर दुसऱ्या दिवशी त्याला त्या कामावर न पाठवता छातीच्या डॉक्टरकडे पाठवावं.